आयएनकेटी पेशी-उपचार (व्हायरसमुळे होणाऱ्या एआरडीएसवरचा)

निरोगी दात्याच्या रक्तातल्या आयएनकेटी पेशी (रोगप्रतिकारक टी पेशींचाच एक दुर्मिळ प्रकार) लॅबमध्ये वाढवून गोठवून ठेवायच्या, आणि व्हायरसमुळे फुप्फुसं पाण्याने भरून (यालाच एआरडीएस म्हणतात) व्हेंटिलेटरवर गेलेल्या पेशंटला त्या वितळवून शिरेतून द्यायच्या, असा हा उपचार. अजून प्रायोगिकच आहे. टी पेशींमध्ये यांचं प्रमाण साधारण 0.1 टक्का किंवा त्याहूनही कमी. त्या इतर पेशींवरच्या ज्या सीडी1डी रेणूला ओळखतात तो सगळ्या माणसांत जवळपास सारखाच असतो, म्हणून दाता-पेशंट मॅच करत बसावं लागत नाही, आयसीयूत एवढा वेळ असतो कुणाकडे.

शोधाचं श्रेय कुणाचं यावर एकमत नाही. जपानमध्ये तानिगुचींच्या गटाने 1986 साली या पेशींचा ठराविक रिसेप्टर (समोरचा रेणू ओळखणारा पेशीवरचा भाग) नोंदवला, पण तो 'सप्रेसर' म्हणजे प्रतिकार दाबणाऱ्या टी पेशींच्या कामात सापडलेला आणि ती कल्पनाच पुढे बदनाम झाली, त्यामुळे काहीजण 1987 च्या आसपास उंदरांच्या थायमसवर (टी पेशी जिथे तयार होतात ती छातीतली ग्रंथी) झालेल्या कामापासून मोजतात. रिसेप्टरच धरायचा तर 1986 जास्त पटतं. या पेशींना चेतवणारं औषध मात्र आलं बिअरवाल्या किरिन कंपनीकडून, ओकिनावाजवळच्या समुद्री स्पंजात मिळालेल्या रेणूंवरून बनवलेलं केआरएन-7000. तो रेणू मुळात स्पंजाचा की त्यात राहणाऱ्या बॅक्टेरियाचा हाही वाद आहेच, बॅक्टेरियाकडे झुकावंसं वाटतं कारण आपल्या आतड्यातला एक बॅक्टेरियाही तसलेच रेणू बनवतो. 1997 मध्ये तानिगुचींच्याच गटाने हे सगळं सीडी1डीशी जोडून दाखवलं.

वयस्कर पेशंटना हा उपचार उपयोगी पडेल असं वाटतं ते यामुळे: थायमस आक्रसत गेलेला, नव्या टी पेशी कमी, आयएनकेटीही वयाबरोबर घटतात, आणि अंगात बारीक सूज कायमचीच.

माणसांवरचा पुरावा थोडाच. एजेन्ट-797 या तयार आयएनकेटी पेशींच्या औषधाची कोविड-एआरडीएसमधली चाचणी 2024 मध्ये छापून आली, व्हेंटिलेटरवरचे 21 पेशंट, त्यातले 5 तर एक्मोवर (शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन मिसळणारं मशीन), सर्वात मोठा डोस 100 कोटी पेशींचा. डोस थांबवावा लागेल असा त्रास झाला नाही, दुसरं इन्फेक्शन टळत असल्याची चिन्हं दिसली. पण चिठ्ठ्या टाकून वेगळा काढलेला तुलनेचा गट नव्हता, आणि ती काही फक्त म्हाताऱ्यांसाठीची चाचणी नव्हती.

मेसेन्कायमल स्टेम सेल (अस्थिमज्जेसारख्या ऊतींतल्या मूळपेशी) उपचार वेगळा, त्यात गल्लत करू नये. त्यातल्या रेमेस्टेमसेल-एल या औषधाच्या कोविड चाचणीत डिसेंबर 2020 मध्येच नवे पेशंट घेणं बंद झालं.