जप्त नमुन्याची फेरतपासणी : पंधरा दिवस मोजायचे कुठून?

बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी, चिकोडी, अथणीकडच्या उसाच्या फडात गांजाची झाडं सापडली की बातमीत वजन येतं आणि अटक झालेल्याचं गाव येतं. खटला मात्र पुढे नमुन्याच्या सीलबंद पाकिटावर चालतो.

१९५६ पर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता. अफू-गांजा तेव्हा मुख्यतः अबकारी खात्याचा विषय. खरी कडक शिक्षा आली ती १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याने. २००१ पासून शिक्षा वजनावर ठरू लागली. गांजा १ किलोपर्यंत असेल तर अल्प प्रमाण. २० किलोच्या वर गेला की व्यावसायिक, म्हणजे किमान १० वर्षं, आणि जामीन फारच अवघड. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे फुलं किंवा फळं धरलेले शेंडे. नुसती पानं आणि बिया त्यात येत नाहीत. तरीही झाड मुळासकट उपटून, देठ-पाल्यासह, ओलंच काट्यावर चढवलं जातं, आणि वजन फुगतं. फेरतपासणीची मागणी बहुतेक वेळा इथूनच निघते, आणि ती रास्त आहे.

औषधांच्या १९४० च्या कायद्यात सरकारी विश्लेषकाच्या अहवालाला २८ दिवसांत आव्हान देता येतं. एनडीपीएसमध्ये असं कलमच नाही. तरी खालची न्यायालयं असे अर्ज मंजूर करत होती. जानेवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला लगाम घातला. फेरतपासणी अत्यंत अपवादात्मक परिस्थितीतच, न्यायाधीशांनी कारणं नोंदवून, आणि अर्ज अहवाल मिळाल्यापासून १५ दिवसांत; त्यानंतर नाही. कच्चे कैदी वर्षानुवर्षं खितपत पडतात, खटले लवकर संपावेत, हा हेतू चांगलाच होता.

पण अहवाल मिळाला म्हणजे कोणाला? २०२२ च्या नियमांनुसार प्रयोगशाळेचा अहवाल दंडाधिकाऱ्यांकडे जातो, प्रत तपास अधिकाऱ्याला. आरोपीच्या हाती तो पडतो आरोपपत्राच्या नकलांबरोबर, आणि व्यावसायिक प्रमाणाच्या गुन्ह्यात आरोपपत्रालाच १८० दिवसांची मुभा आहे. मुदत तपास अधिकाऱ्याच्या तारखेपासून मोजली, तर आरोपीला कागद दिसण्याआधीच ती सरलेली असते. त्यात आपल्याकडे पंचनामा कन्नडमध्ये आणि अहवाल इंग्रजीत. खानापूरच्या मराठी शेतकऱ्याने ते वाचून घेऊन, वकील गाठून, अर्ज कधी करायचा? मुदत आरोपीला नक्कल मिळाल्याच्या दिवसापासूनच धरली पाहिजे. अर्ज फेटाळला तर उच्च न्यायालयात जावं लागतं. २००८ पासून त्याचं खंडपीठ धारवाडला, म्हणजे जवळ आहे, एवढाच काय तो दिलासा.

त्याच नियमांनुसार नमुने दोन काढतात, तेही दंडाधिकाऱ्यांसमोर. (दंडाधिकाऱ्यांसमोर काढण्याचा आग्रह सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच धरला होता.) गांजाचा प्रत्येक नमुना किमान २४ ग्रॅमचा, प्लास्टिकच्या पिशवीत उष्णतेने बंद करून वर कागदी लिफाफा. फेरतपासणी जवळजवळ बंदच असेल, तर हा दुसरा नमुना जपायचा कशासाठी, हे कोणी सांगत नाही. शिवाय ओला पाला पिशवीत कोंडला तर पावसाळ्यात त्याला बुरशी धरते. उशिरा परवानगी मिळून उपयोग काय?

सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२५ च्या निकालाने बचावाची बाजू आणखी अरुंद केली. नमुने काढण्याची पद्धत चुकली, एवढ्यावरून खटला आपोआप कोसळणार नाही. बाकीचा पुरावाही पाहिला जाईल. म्हणजे आता नुसती चूक दाखवून भागत नाही. पाकिटात नेमकं काय होतं याबद्दलची शंका पुराव्यानिशी उभी करावी लागते, आणि तो पुरावा त्या दुसऱ्या नमुन्यातच आहे.