डेडलिफ्टचा बार किती लवावा? 27 आणि 29 मिलिमीटरच्या वादाची पार्श्वभूमी

डेडलिफ्टचा, म्हणजे बार जमिनीवरून उचलून सरळ उभं राहण्याचा, मोठा आकडा जाहीर झाला की जाणकार आधी विचारतात, बार कोणता होता? पॉवरलिफ्टिंगच्या काही संघटनांत तिन्ही लिफ्टसाठी (स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट) एकच ताठ बार असतो. काहींत स्क्वॉट आणि बेंच संपले की प्लॅटफॉर्मवर बारीक (27 मिमी व्यासाचा) आणि लांब असा वेगळा डेडलिफ्ट बार येतो. ही फाटाफूट गेल्या चारेक दशकांतली आहे.

त्याआधीचं थोडक्यात. फिरत्या स्लीव्हचा (प्लेट बसतात त्या टोकांचा) बार 1920 च्या दशकात जर्मनीत आकाराला आला, तो वेटलिफ्टिंगसाठी. पुरुषांचा वेटलिफ्टिंग बार आजही 28 मिमीचा असतो आणि जर्कमध्ये (खांद्यावरून वजन डोक्यावर नेताना) त्याची उसळी लिफ्टर वापरून घेतो. 1972 मध्ये पॉवरलिफ्टिंगचा आंतरराष्ट्रीय महासंघ उभा राहिला. स्क्वॉटचे आकडे वाढत गेले तशी हीच उसळी नडू लागली. रॅकमधून मागे येताना बार पाठीवर हेलकावतो, पाय स्थिर होत नाहीत. म्हणून 29 मिमीचा ताठ पॉवर बार रूढ झाला. डेडलिफ्टवाल्यांना मात्र नेमकं उलट हवं होतं.

का, ते मोजून पाहू. गोल सळीचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातानं बदलतो. त्यामुळे व्यास 29 वरून 27 मिमीवर आणला की तेवढ्याच वजनाला बार सुमारे 33 टक्के जास्त लवतो. त्यात डेडलिफ्ट बारच्या दोन कॉलरमधलं (आतली प्लेट टेकते त्या कड्यांमधलं) अंतर सुमारे 10 सेंमी जास्त, म्हणजे प्लेट हातांपासून आणखी दूर. हात अर्धा मीटर अंतरावर आणि प्लेट पातळ धरून हिशेब केला, तर 300 किलोला 29 मिमीच्या बारवर हात प्लेटच्या मध्यापेक्षा साधारण 2 सेंमी वर येतात आणि डेडलिफ्ट बारवर सव्वातीन ते साडेतीन सेंमी. 100 किलोला ताठ बारवर हाच आकडा अर्ध्या सेंटीमीटरलाही पोचत नाही. नवशिक्यानं महागडा डेडलिफ्ट बार घेऊन फारसं काही हाती लागत नाही, ते यामुळेच.

सव्वा ते दीड सेंटीमीटरचा हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण पूर्ण वजन अंगावर येतं तेव्हा कंबर आणि गुडघे तेवढे वर आलेले असतात. शिवाय स्लीव्ह तिरकी होत असल्यानं आतली प्लेट आधी सुटते आणि बाहेरची शेवटी, म्हणजे वजन टप्प्याटप्प्यानं येतं. जमिनीवरून सुटणं हाच ज्यांचा अडथळा, त्यांना, विशेषतः पाय रुंद ठेवून उचलणाऱ्या सुमोवाल्यांना, याचा फायदा जास्त. लॉकआउटला, म्हणजे शेवटी सरळ उभं राहताना, अडकणाऱ्यांना या वाकण्याची मदत जवळजवळ शून्य. बारीक बारवर पकड, त्यातही हुक ग्रिप (अंगठा बोटांखाली दाबून धरणं), सोपी जाते हा वेगळा लाभ, आणि वादात तो नेहमी विसरला जातो. जाहिरातीत टेन्साइल स्ट्रेंग्थचा (ताण सोसण्याच्या ताकदीचा) आकडा ठळक छापतात, पण बार किती लवेल हे त्यावरून कळत नाही. बार कायमचा वाकेल किंवा तुटेल का, याचा अंदाज तो देतो. लवण्याच्या बाबतीत सगळं पोलाद जवळपास सारखंच.

आता मूळ वाद. 1980 च्या दशकात अमेरिकेत औषधचाचणीवरून संघटना फुटल्या. पुढे वेगळ्या चुलींवरच्या काही संघटनांनी साहित्याचे नियमही सैल केले: स्क्वॉटला जाड 25 किलोचा बार, डेडलिफ्टला 27 मिमीचा. महासंघ एका बारवर ठाम राहिला. व्यास 28 ते 29 मिमी, एकूण लांबी 2.2 मीटरपर्यंत, कॉलरमधलं अंतर 1.31 ते 1.32 मीटर. त्यामागे तुलना सोपी राहावी, आयोजकाचा खर्च वाढू नये आणि कौशल्याला साहित्याची जोड नको, असे युक्तिवाद आहेत. पहिले दोन पटतात. तिसरा तितका नाही, कारण नियमातच 28 आणि 29 दोन्ही चालतात आणि त्या एका मिलिमीटरनं लवचीकपणात सुमारे 15 टक्के फरक पडतो. शुद्धतेचा दावा करायचा तर ती फट आधी बुजवायला हवी होती. दुसऱ्या बाजूचीही लबाडी आहेच: दोन्ही बारवरचे विक्रम एकाच यादीत, बारचा उल्लेखही न करता छापले जातात.

2012 मध्ये महासंघानं सूटशिवायच्या (आधार देणारा घट्ट पोशाख न घालता केलेल्या) लिफ्टिंगची पहिली जागतिक स्पर्धा घेतली आणि 2013 पासून तिला अजिंक्यपदाचा दर्जा मिळाला. डेडलिफ्ट सूट खालून सुटायला मदत करतो. तो गेल्यावर बारचा वाटा जास्त डोळ्यांत येऊ लागला. त्यात 2016 ला लीड्समध्ये 500 किलो आणि 2020 ला 501 किलो उचलले गेले, तेही स्ट्रॅप (हात बारला बांधणारे पट्टे) लावून, स्ट्राँगमन या वेगळ्या खेळाच्या नियमांनी. हे आकडे पॉवरलिफ्टिंगच्या तक्त्यात ओढणं चूकच.

सरावात गडबड होते ती बार बदलताना. लवचीक बारवर सवय झालेला लिफ्टर ताठ बारवर पहिल्याच प्रयत्नात अडकतो. स्पर्धेच्या आधी सहा ते आठ आठवडे जड सेट स्पर्धेच्याच बारवर करावेत आणि ओपनर (स्पर्धेतला पहिला प्रयत्न) त्यावरूनच ठरवावा. स्लॅक (उचलण्याआधीचा बारमधला ढिलेपणा) काढण्याची पद्धतही बदलते. ताठ बारवर दंड सरळ, लॅट (पाठीच्या बाजूचे स्नायू) घट्ट, स्लीव्ह आणि प्लेटमधली फट मिटल्याची टकटक ऐकू आली की लगेच पाय जमिनीत दाबायचे. लवचीक बारवर त्यानंतरही बार वाकत राहतो, म्हणून दाब हळूहळू वाढवत न्यावा. हिसका दिला तर बार परत ओढतो, कंबर आधी उडते आणि बार नडगीपासून सुटतो. जिममध्ये जाड रबरी बंपर प्लेट लावल्यास वजन बाहेर सरकतं आणि ताठ बारही जास्त लवतो. तिथला आकडा स्पर्धेच्या पातळ कॅलिब्रेटेड (अचूक वजनाच्या) प्लेटवर तसाच येईल असं धरू नये. डेडलिफ्ट बार स्क्वॉटला वापरू नये आणि रॅक पुलमध्ये (रॅकच्या पिनवरून सुरू होणाऱ्या अर्धवट डेडलिफ्टमध्ये) पिनवर आपटू नये. तो मधोमध कायमचा वाकतो. वाकलाय का हे पाहायला रॅकच्या हुकांवर मोकळा फिरवला की मधला भाग डगमगतो का, ते लगेच दिसतं.