स्नोड्रॉप

(लॅ. गॅलँथस निव्हॅलिस, कुल–ॲमारिलिडेसी). हिवाळा सरता सरता, बागेतील बर्फ पुरता वितळण्याच्या आधीच फुलणारी एक लहान, बहुवर्षायू कंद वनस्पती. पिरेनीज पर्वतापासून युक्रेनपर्यंत आणि दक्षिणेस इटली व ग्रीसपर्यंत ती रानटी अवस्थेत आढळते. गॅलँथस हे प्रजातिनाम ‘दूध’ व ‘फूल’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून, तर निव्हॅलिस हे जातिनाम ‘बर्फाचे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून घेतले आहे. लिनीअस यांनी हे द्विपद नाव १७५३ मध्ये दिले. प्रजातीत वीसहून अधिक जाती मानतात, परंतु त्यांच्या सीमांविषयी मतभेद आहेत.

कंदातून निळसर हिरवी, अरुंद अशी बहुधा दोनच पाने येतात. त्यांची टोके कठीण झालेली असल्याने गोठलेल्या मातीतून व बर्फातून ती वर येऊ शकतात. सु. ७–१५ सेंमी. उंचीच्या दांड्यावर एकच फूल खाली मान घालून लोंबते. परिदले (पाकळ्यांसारखी दले) सहा, बाहेरची तीन लांब व शुभ्र, आतली तीन आखूड, टोकाशी खाच असलेली आणि खाचेभोवती हिरवा ठिपका असलेली. हवा सु. १०° से.च्या वर गेली की बाहेरची दले फाकतात व मधमाश्यांना वाट मिळते. परागकोश टोकाशी उघडत असल्याने माशीच्या हालचालीने पराग तिच्या अंगावर झडतो. बियांना तेलकट उपांग असते, त्याच्या लोभाने मुंग्या त्या वाहून नेतात. पुढील वर्षाची फूलकळी आधीच्याच हंगामात कंदाच्या पोटात तयार होते, म्हणून पाने पिवळी पडेपर्यंत कापू नयेत. कंद कोरडा पडला की लवकर निकामी होतो, त्यामुळे फुलोरा ओसरल्यावर पाने हिरवी असतानाच झुपके फोडून लावण्याची पद्धत आहे.

ही वनस्पती ब्रिटनमध्ये मूळची की आणलेली, हा वाद जुना आहे. चर्च, पडके मठ व जुने वाडे यांच्या आसपास तिचे ताटवे विपुल असल्याने मध्ययुगीन भिक्षूंनी ती इटलीतून आणली असावी, असे पुष्कळदा सांगितले जाते. २ फेब्रुवारीच्या कँडलमस या ख्रिस्ती सणाशी असलेला तिचा संबंधही या मताच्या पुष्ट्यर्थ पुढे केला जातो. मात्र याला समकालीन लेखी आधार मिळत नाही. जॉन जेरार्ड यांच्या १५९७ च्या वनस्पतिकोशात तिचे वर्णन आहे, पण तेथे ती एक प्रकारची ‘कंदाचा व्हायोलेट’ ठरते आणि इटलीतील रानवनस्पती असूनही लंडनच्या बागांत रुळलेली म्हणून येते. ‘स्नोड्रॉप’ हे नाव त्या ग्रंथाच्या १६३३ च्या सुधारित आवृत्तीत दिसते. ब्रिटनमध्ये रानात वाढल्याची पहिली नोंद तर १७७० च्या दशकातली. इतके ठळक फूल त्याआधीच्या वनस्पतिज्ञांच्या नजरेतून सुटले असेल, हे पटण्याजोगे नाही. शिवाय तेथील अनेक ताटवे बियांपेक्षा कंदांच्या विभाजनानेच पसरलेले दिसतात. त्यामुळे ती सोळाव्या शतकाच्या सुमारास आणली गेली व बागांबाहेर पसरली, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

होमरच्या *ओडिसी*त सर्सी या जादूगारणीच्या विषापासून वाचवणारी ‘मोली’ ही वनस्पती म्हणजे स्नोड्रॉपच, असे १९८३ मध्ये प्लायटाकिस व ड्युव्हॉइसिन यांनी सुचवले. सर्सीचे विष धोतऱ्यासारख्या वनस्पतीचे होते व त्यावर स्नोड्रॉपमधील गॅलँटामीन हे द्रव्य उतारा ठरले, असा त्यांचा युक्तिवाद आहे. कल्पना चतुर आहे. पण मोलीचे मूळ काळे सांगितले आहे, आणि त्यांनी गृहीत धरलेला धोतरा अमेरिकेतून आलेला मानला जातो.

गॅलँटामीन हे अल्कलॉइड मात्र खरेच महत्त्वाचे ठरले. १९५० च्या दशकाच्या आरंभी सोव्हिएत संघात गॅलँथस वोरोनोवी या कॉकेशसमधील जातीतून ते वेगळे करण्यात आले. बल्गेरियात दिमितर पास्कोव्ह यांच्या कार्यातून ‘निव्हॅलिन’ हे औषध पुढे आले. अमेरिकेत अल्झायमर रोगासाठी गॅलँटामीनला २००१ मध्ये मान्यता मिळाली. कंद कच्चे खाल्ल्यास ओकाऱ्या होतात. कांदा समजून खाल्ल्यानेही विषबाधा होते.

मोठ्या फुलांची गॅलँथस एल्वेसाय ही जाती हेन्री जॉन एल्वेस यांनी १८७४ मध्ये इझमीरजवळ गोळा केली. तिचे कंद तुर्कस्तानातून मोठ्या प्रमाणावर निर्यात होत. रानातील उपसा आवरण्यासाठी १९९० पासून संपूर्ण प्रजातीचा सायटीस या वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात समावेश आहे.