पार्श्वभूमी : 'ट्रबल' बँडचा 1990 चा अल्बम जास्त जड असूनही सोपा का वाटतो

शिकागोच्या 'ट्रबल' या डूम मेटल (हेवी मेटलचा संथ, जड, उदास प्रकार) बँडचा चौथा अल्बम, तोही 'ट्रबल' याच नावाचा, 1990 साली डेफ अमेरिकन या लेबलवर (रेकॉर्ड कंपनीकडून) आला. आधीच्या तिन्हींपेक्षा तो जड वाजतो, आणि डूमची सवय नसलेला माणूसही तो एका बैठकीत ऐकू शकतो. या दोन गोष्टी एकत्र कशा आल्या हे समजून घ्यायला जरा मागे जावं लागतं.

डूमचं मूळ बर्मिंगहॅममध्ये. तिथे पत्र्याच्या कारखान्यात 'ब्लॅक सॅबथ' बँडचा गिटारिस्ट टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. बोटांना ताण कमी पडावा म्हणून त्याने बारीक तारा घेतल्या, आणि बँडच्या 1971 च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी' अल्बममध्ये बऱ्याच गाण्यांसाठी गिटार तीन सेमीटोन (अर्धे सूर) खाली उतरवली. जाड 'ई' तार साधारण 82 हर्ट्झवर असते, ती 69 वर आली. तारेवरचा ताण वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे तो जवळपास 30 टक्के उतरतो. आवाज खोल होतो खरा, पण तार सैल पडते. जोरात पिक (तार छेडायची पट्टी) मारलं की सूर क्षणभर वर चढतो आणि तार फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्टीवर) भणभणते. म्हणून आज खाली ट्यून करणारे जाड तारांचा सेट लावतात.

त्याच अल्बमवर 'आफ्टर फॉरएव्हर' आहे. कॅथलिक घरात वाढलेल्या, बँडच्या बासिस्ट गीझर बटलरने लिहिलेलं हे गाणं देवाला हसणाऱ्यांना सरळ जाब विचारतं. ब्लॅक सॅबथला सैतानाचे पुजारी म्हणणाऱ्यांनी ते बहुधा ऐकलंच नव्हतं. ट्रबल ज्यात मोडतो त्या ख्रिस्ती डूमचं बी इथलंच.

ट्रबल 1979 मध्ये सुरू झाला. गायक एरिक वॅग्नर, गिटारवर ब्रूस फ्रँकलिन आणि रिक वॉर्टेल. मेटल ब्लेड या लेबलने 1984 मध्ये त्यांचा पहिला अल्बम काढला. त्यात बायबलमधल्या नवव्या स्तोत्रावरचं गाणं होतं, ल्युसिफरचं (सैतानाचं) पतन होतं, शेवटचा काळ होता. तेव्हा सैतानी विषयांच्या मेटलसाठी 'ब्लॅक मेटल' हा शब्द गाजत होता, त्याला उतारा म्हणून लेबलने यांच्यावर 'व्हाइट मेटल'चा शिक्का मारला. हा निव्वळ जाहिरातीचा खटाटोप होता. प्रेक्षकांत बायबलच्या प्रती फेकणाऱ्या 'स्ट्रायपर' या ख्रिस्ती बँडशी यांचं काहीच जुळत नव्हतं. वॅग्नरच्या शब्दांत श्रद्धा आहे, पण ती व्यसन, अपराधभाव आणि निराशेशी झगडताना दिसते. प्रवचनाचा सूर तिथे कमीच.

1985 च्या 'द स्कल'वर 'द विश' हे गाणं अकरा मिनिटांच्या पुढे जातं. याचं कारण हिशेबातच आहे. मिनिटाला 60 ठोक्यांची लय धरली, तर चार-चार ठोक्यांच्या आठ आवर्तनांची एक रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी ओळ) 32 सेकंद खाते. ती चारदा फिरवली की दोन मिनिटं संपली, आणि गायकाने अजून तोंडही उघडलेलं नसतं. या अल्बमनंतर ड्रमर जेफ ओल्सन बाहेर पडला. 1987 चा 'रन टू द लाइट' आधीच्या दोन अल्बमांसमोर फिका आहे.

मग 1990 च्या अल्बमसाठी निर्माता म्हणून रिक रुबिन आला. 1986 मध्ये 'स्लेयर' या वेगवान मेटल बँडचा 'रेन इन ब्लड' त्यानेच केला होता. जेमतेम 29 मिनिटांचा अल्बम, रिव्हर्ब (आवाजात मिसळलेला घुमारा) जवळपास शून्य. त्याने तोच कोरडेपणा संथ संगीताला लावला, आणि खरी गंमत इथे आहे. संथ लयीत दोन ठोक्यांमध्ये मोठी पोकळी राहते. ती रिव्हर्बने भरली की सगळं देवळाच्या गाभाऱ्यात वाजल्यासारखं होतं. भव्य वाटतं, पण पिकचा आघात बोथट होतो. रिव्हर्ब काढला की पोकळी मोकळी राहते आणि पुढचा ठोका थेट छातीवर येतो. गेनचंही (गिटारचा आवाज किती फाटका करायचा त्याचं प्रमाण) तसंच. नवखे बँड जडपणासाठी ही डिस्टॉर्शनची खुंटी पूर्ण फिरवतात. खालच्या सुरांचा त्याने लगदा होतो आणि बास गिटार त्यात बुडते. गेन थोडा उतरवला तर दोन गिटारी वेगळ्या कळतात, आणि फ्रँकलिन-वॉर्टेल जोडीची खरी ताकद त्यांच्या जोडसुरांतच आहे.

बाकी काम कात्रीने केलं. रिफ त्याच घडणीच्या, पण आवर्तनं कमी. 'ॲट द एंड ऑफ माय डेझ' चार मिनिटांच्या आत आटोपतं. नवा ड्रमर बॅरी स्टर्न लय ढकलत नेतो, त्यामुळे संथ जागाही रेंगाळत नाहीत. वॅग्नरची किंचाळीही खाली उतरली आणि चाली गुणगुणता येण्याजोग्या झाल्या. 'द मिझरी शोज' ऐकलं की हा फरक लगेच कळतो.

स्वीडनमध्ये याच सुमारास गाडी उलट दिशेने चालली होती. स्टॉकहोमच्या 'कँडलमास'ने 1986 पासून डूमला ऑपेराचा थाट दिला. त्याच परिसरातल्या 'वेनी डोमिने' या ख्रिस्ती बँडने त्यात प्रोग्रेसिव्ह मेटलची गुंतागुंत मिसळली. त्यांच्या 1992 च्या 'फॉल बॅबिलॉन फॉल' अल्बमचा शेवट बायबलच्या शेवटच्या पुस्तकातल्या, प्रकटीकरणातल्या, सात शिक्क्यांवरच्या वीस मिनिटांच्या गाण्याने होतो. शिक्के एकामागून एक फुटतात, म्हणून गाण्याचे खंडही तसेच पडतात. इथे लांबी विषयानेच मागितलेली आहे, कात्री लावली असती तर गाणं मोडलं असतं. पण पहिल्यांदा ऐकणाऱ्याने इथून सुरुवात करू नये.

विकत घेताना एक घोळ टाळा. ट्रबलचा 1984 चा पहिला अल्बमही मुळात नुसता 'ट्रबल' नावानेच निघाला होता. 1990 चाही त्याच नावाचा, म्हणून जुन्याला पुढे 'साम 9' (नववं स्तोत्र) म्हणू लागले. जुनी प्रत हातात आली तर लेबल पाहा : मेटल ब्लेड असेल तर 1984 ची, डेफ अमेरिकन असेल तर 1990 ची.