इंधन-कॅन (गाळणीचा)

पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेल हाताने वाहून नेण्यासाठी आणि ते टाकीत ओतताना पाणी, गंज, माती, कचरा बाहेरच अडवण्यासाठी केलेला डबा. गाळणी कधी डब्याच्या तोंडात बसवलेली असते, कधी ओतायच्या नळीत, तर कधी वेगळ्या नरसाळ्यात. जाळी हा या डब्याचा नजरेत भरणारा भाग असला, तरी सगळी भिस्त तिच्यावर नसते. झाकण घट्ट, सांधे पक्के, आतला लेप शाबूत आणि ओतण्याची सोय नीट असेल तर गाळायला फारसे काही उरतच नाही. विसाव्या शतकातला सर्वांत यशस्वी इंधन-कॅन, म्हणजे जर्मन जेरीकॅन, मुळात गाळणीवर नव्हे तर याच चार गोष्टींवर उभा होता.

इंधनात काय शिरते

पत्र्याच्या डब्यात आतून सुटलेला गंज, झाकणाभोवती साचलेली धूळ, नरसाळ्याला चिकटलेली माती आणि पाणी. यांतले बहुतेक सारे इंधनाबरोबर विकत मिळत नाही, ते आपल्या हाताने आत जाते. नरसाळे गॅरेजच्या कोपऱ्यात पालथे पडलेले असते आणि ते फडक्याने पुसून वापरले की फडक्याचे धागेही आत जातात.

पाण्याबद्दल एक समज सर्रास ऐकायला मिळतो : अर्धवट भरलेल्या कॅनमध्ये रात्रीच्या गारव्याने दव धरते आणि त्याचे पाणी साठते. हिशेब केला तर हे प्रमाण नगण्य निघते. ३० अंश सेल्सियस तापमानाच्या, बाष्पाने पूर्ण भरलेल्या एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम पाणी असते. म्हणजे २० लिटरच्या पूर्ण रिकाम्या कॅनमध्ये जेमतेम ०.६ ग्रॅम, आणि एका रात्रीत त्यातल्या हवेचा थोडासाच भाग बदलतो. खरे पाणी झाकणावर साचलेल्या पावसाचे असते. दिवसा तापलेला डबा रात्री निवला की आतली हवा आकसते आणि ढिल्या झाकणाच्या फटीतून वरचे डबके आत ओढले जाते. म्हणूनच उघड्यावर ठेवायची मोठी पिंपे उभी न ठेवता आडवी ठेवतात आणि त्यांची दोन्ही बुचे एका आडव्या रेषेत, इंधनाच्या पातळीखाली राहतील अशी फिरवतात. बूच आतून ओले असले की हवा ओढली जात नाही.

आत गेलेले पाणी तळाला बसते. पाण्याची घनता १ धरली तर पेट्रोलची साधारण ०.७२ ते ०.७८ आणि डिझेलची ०.८२ ते ०.८५. ०.१ मिलीमीटर व्यासाचा पाण्याचा थेंब उभ्या कॅनच्या वरच्या टोकापासून तळापर्यंत यायला पेट्रोलमध्ये दोन-तीन मिनिटे पुरतात. डिझेल दाट, शिवाय घनतेतला फरक कमी, म्हणून तिथे त्याच थेंबाला अर्धा तास लागू शकतो. गाडीत हिंदकळत आणलेला कॅन लगेच उपडा करू नये याचे कारण एवढेच. गढूळ पाणी निवळू देतात तसे इंधनही निवळू द्यायचे आणि शेवटचे पेलाभर इंधन साक्यासकट कॅनमध्येच ठेवायचे.

आरंभ

मोटारीच्या पहिल्या लांब प्रवासातच हा त्रास झाला. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला निघाल्या. वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानातून त्यांनी लिग्रॉइन हे इंधन विकत घेतले. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली.

पुढची तीसेक वर्षे पेट्रोल डब्यांतूनच विकले जाई. ब्रिटनमध्ये दोन गॅलनचे, म्हणजे सुमारे ९ लिटरचे, मोहोरबंद डबे मिळत. पितळी जाळीचे नरसाळे हे त्या काळच्या मोटारचालकाचे नेहमीचे सामान. त्याहून सावध माणूस नरसाळ्यात शॅमॉय चामड्याचा तुकडा पसरी. हे मऊ कमावलेले चामडे आधी पेट्रोलमध्ये भिजवले की त्यातून पेट्रोल झिरपते आणि पाणी वर राहते. विमानांतही इंधन असेच गाळून भरत. दोष दोन : काम फार सावकाश होते, आणि कोरड्या चामड्यातून पेट्रोल वाहताना स्थिर विद्युत निर्माण होऊन ठिणगी पडण्याची भीती असते. आपल्याकडे हेच काम मांजरपाटाच्या किंवा धोतराच्या फडक्याने होत आले आहे. त्याने काडीकचरा अडतो, पाणी मात्र अडत नाही.

पत्र्याचा डबा

भारतात या डब्याचा जुना अवतार घराघरात होता. चार गॅलनचा, सुमारे १८ लिटरचा चौकोनी पत्र्याचा डबा रॉकेलबरोबर आला. 'रॉक ऑइल'चे रॉकेल आणि 'गॅसलाइट'चे घासलेट झाले, तसा हा डबाही मराठी झाला. रिकामा झाल्यावर त्यात पाणी भरले, धान्य साठवले, पत्रा उलगडून छपरे शाकारली, कडी लावून कावडीला अडकवला. इंधनासाठी मात्र तो एकदाच वापरण्याजोगा. पातळ पत्रा, दुमडून डाग दिलेले सांधे. दोनदा आपटला की गळायला लागे.

याच डब्याने दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याला उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात हैराण केले. सैनिक त्याला 'फ्लिम्झी', म्हणजे तकलादू, म्हणत. लष्करी तळापासून रणगाड्यापर्यंत पोहोचेतो सुमारे ३० टक्के इंधन वाया जाते, असा तिथले ब्रिटिश सेनापती जनरल ऑकिन्लेक यांचा अंदाज होता. जिथून इंधन बाहेर गळते तिथून वाळूही आत जाते. सैनिकांना हा डबा एका बाबतीत मात्र आवडे : अर्धा कापून त्यात वाळू घालायची, वर पेट्रोल ओतून पेटवायचे आणि चहाचे आधण ठेवायचे.

जेरीकॅन

१९३७ साली जर्मनीतील श्वेल्म येथील म्युलर कारखान्याचे अभियंता व्हिन्झेंत्स ग्र्युनफोगेल यांनी जर्मन सैन्यासाठी २० लिटरचा डबा तयार केला. ब्रिटिश सैनिक जर्मनांना 'जेरी' म्हणत, म्हणून तो पुढे 'जेरीकॅन' झाला.

पत्र्याचे दोन दाबून घडवलेले अर्धे भाग, त्यांचा एकच वेल्ड केलेला सांधा आणि तोही आत दबलेला, त्यामुळे आपटला तरी सांध्याला मार बसत नाही. दोन्ही बाजूंना फुलीसारखी खाच : पत्र्याला बळकटी येते आणि इंधन तापून फुगले तर जागाही मिळते. वर तीन मुठी. एकटा माणूस मधली धरतो, दोघे मिळून बाहेरच्या दोन धरतात, रिकामे असतील तर एका हाताला दोन कॅन येतात. मुठींखाली हवेचा कप्पा असल्याने भरलेला कॅनही पाण्यावर तरंगतो.

कचऱ्याच्या दृष्टीने तीन गोष्टी निर्णायक ठरल्या. आतून लेप होता, त्यामुळे पत्रा गंजून त्याचे पापुद्रे इंधनात पडत नसत. झाकण खटक्याच्या तरफेने बसे आणि डब्यालाच जोडलेले असे. पाना लागत नाही, झाकण वाळूत पडत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे तोंडातली हवेची बारीक नळी. बाटली उपडी केल्यावर भकभक करत पाणी येते, कारण त्याच तोंडातून हवा आत शिरायची असते. जेरीकॅनमध्ये हवा वेगळ्या वाटेने वरच्या कप्प्यात जाते, धार एकसंध पडते आणि नरसाळ्याची गरज उरत नाही. नरसाळे गेले की त्याची मातीही गेली. पाण्याच्या कॅनवर पांढरी फुली रंगवलेली असे. इंधनाच्या डब्यात पाणी भरू नये आणि पाण्याच्या डब्यात इंधन, यासाठी ही साधी शिस्त होती.

या डब्याची बातमी बाहेर पोहोचली ती भारताकडे येणाऱ्या एका मोटारीमुळे, असे सांगितले जाते. १९३९ मध्ये बर्लिनमध्ये काम करणारे अमेरिकन अभियंता पॉल प्लाइस आपल्या जर्मन सहकाऱ्यासह भारताच्या सफरीवर निघाले. पिण्याच्या पाण्याची सोय हवी म्हणून सहकाऱ्याने टेम्पलहॉफ विमानतळावरच्या साठ्यातले तीन कॅन उचलले. सहकाऱ्याला वाटेतून परत बोलावून घेण्यात आले. जाण्यापूर्वी त्याने कॅनची सगळी मापे प्लाइस यांना दिली, आणि ते एकटेच कलकत्त्यापर्यंत आले. मायदेशी त्यांनी सैन्याला ही माहिती दिली तेव्हा कोणी फारसे मनावर घेतले नाही.

अमेरिकेने पुढे जी नक्कल केली ती पाहण्यासारखी आहे. आकार आणि मुठी तशाच ठेवल्या, पण वेल्डऐवजी दुमडलेले सांधे केले, आतला लेप गाळला आणि आट्यांचे झाकण बसवले. ते उघडायला पाना आणि ओतायला नरसाळे लागू लागले. म्हणजे ज्या गोष्टींमुळे इंधन स्वच्छ राहत होते, नेमक्या त्याच काढून टाकल्या. ब्रिटनने मात्र जर्मन डबा जसाच्या तसा बनवला. १९४५ च्या मे महिन्यात युरोपातले युद्ध जिंकले गेले तेव्हा दोस्त राष्ट्रांचे २ कोटींहून अधिक जेरीकॅन तिथे पसरलेले होते.

जाळी आणि आग

आजच्या सुरक्षा-कॅनच्या तोंडातली तारेची जाळी गाळण्यासाठी बसवलेली आहे असे अनेकांना वाटते. तिचे मुख्य काम वेगळे आहे. १८१५ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी खाणकामगारांच्या दिव्याभोवती बारीक जाळी लावली. ज्योत जाळीतून जाऊ पाहते तेव्हा धातू तिची उष्णता शोषून घेतो आणि ती पलीकडे पोहोचत नाही. कॅनच्या तोंडाशी वाफ पेटली तर ज्वाला आत शिरू नये म्हणून हीच युक्ती वापरतात. पाने, किडे, रंगाचे पापुद्रे अडतात तो वरचा लाभ. 'धार बारीक येते' म्हणून स्क्रू-ड्रायव्हरने ही जाळी उचकटून टाकणाऱ्याने गाळणी नव्हे, अग्निरोधक काढलेला असतो. अमेरिकेत २०२० च्या कायद्यानुसार २०२३ पासून पेट्रोलच्या सुट्या कॅनना असा ज्वालारोधक सक्तीचा आहे.

गाळणी म्हणून साध्या जाळीची मर्यादा आकड्यांत स्पष्ट होते. इंचाला शंभर तारांच्या जाळीचे छिद्र सुमारे १५० मायक्रॉनचे असते (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग). माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन. आधुनिक कॉमन-रेल (उच्च दाबाने इंधन फवारणाऱ्या) डिझेल इंजिनाच्या इंजेक्टरमधली फट अवघी काही मायक्रॉनची. कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे बारीक छिद्रात, अडकणारा खडा ही जाळी थांबवते, इंजेक्टर झिजवणारी धूळ तिच्यातून सरळ जाते. ती अडवणे गाडीतल्या फिल्टरचेच काम आहे.

पाणी रोखणाऱ्या नरसाळ्यात पोलादाच्या फार बारीक जाळीवर टेफ्लॉनसारखा लेप असतो. पाण्याचा पृष्ठताण पेट्रोलच्या तिपटीहून जास्त असल्याने आणि लेपाला पाणी भिजवत नसल्याने थेंब छिद्रावर गोळा होऊन राहतो, पेट्रोल निघून जाते. शॅमॉयचीच ही सुधारलेली आवृत्ती. इथेनॉलमिश्रित पेट्रोलपुढे मात्र ती हात टेकते. इथेनॉल पाणी स्वतःत विरघळवून घेते आणि विरघळलेले पाणी कोणत्याही जाळीला दिसत नाही. पाणी मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल पाण्यासकट वेगळे होऊन तळाला बसते. १० टक्के मिश्रणात ही मर्यादा सुमारे अर्धा टक्का आहे. त्यामुळे असे पेट्रोल कॅनमध्ये महिनोन्‌महिने साठवून ठेवणे शहाणपणाचे नाही. भेसळीचे रॉकेलही गाळणीला ओळखू येत नाही. पंपावर ग्राहकाला फिल्टर पेपरची आणि घनतेची चाचणी मागता येते ती यासाठीच.

डिझेलसाठी जस्ताचा मुलामा दिलेला डबा वापरू नये. जस्त डिझेलमध्ये उतरून त्याचे साबणासारखे संयुग बनते आणि फिल्टर तुंबतो. तळाशी पाणी राहिले तर डिझेल आणि पाण्याच्या सीमेवर बुरशी व जिवाणू वाढून काळपट बुळबुळीत साय धरते. शेतावर पंपासाठी किंवा ट्रॅक्टरसाठी वर्षभर एकच कॅन वापरणाऱ्याला ती ओळखीची असेल.

भारतातील नियम

१९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेले पेट्रोल ३० लिटरपर्यंत परवान्याशिवाय बाळगता येते. मात्र ते घट्ट बुचाच्या काचेच्या, चिनी मातीच्या किंवा धातूच्या पात्रात हवे. काच किंवा चिनी माती असेल तर पात्र १ लिटरपर्यंत, धातूचे असेल तर २५ लिटरपर्यंत. या यादीत प्लास्टिक नाही. या क्षेत्राची नियामक संस्था, पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना, हिचे मुख्यालय नागपुरात आहे. पंपावर सुटे पेट्रोल देण्यावर ठिकठिकाणी पोलीस व जिल्हा प्रशासन निर्बंध घालत असते.

व्यवहार वेगळा आहे. गोव्यात भाड्याच्या दुचाकीवर फिरणाऱ्याला रस्त्याकडेच्या टपरीवर पाण्याच्या बाटलीतून लिटरभर पेट्रोल मिळते. त्या बाटलीत आधीच्या पाण्याचे चार थेंब असतील तर ते थेट टाकीत जातात. कोकणात बाहेरून बसवायचे इंजिन वापरणाऱ्या छोट्या होड्यांवर इंधनाची सुटी टाकी आणि रबरी नळी असते. तिथे शत्रू खारे पाणी. म्हणून नळीच्या वाटेवर पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवतात; त्याची तळातली वाटी पारदर्शक असली तर साचलेले पाणी बाहेरूनच दिसते आणि ते सोडून देता येते.