एक मूठ, अनेक गोट्या: बहुमापी नट ड्रायव्हर आणि विदर्भातल्या बोल्टांची पार्श्वभूमी

तालुक्याच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात आता बहुमापी नट ड्रायव्हर मिळतो. स्क्रूड्रायव्हरसारखी मूठ, पोकळ दांडी आणि पुढे चार, सहा किंवा सात मापांच्या गोट्या, म्हणजे नटावर बसणारे सॉकेट. खोक्यावर सगळ्यात मोठा छापलेला असतो तो मापांचा आकडा. पण सातांपैकी तीन मापं आपल्या भागात कधी लागतच नसतील, तर तो आकडा काय कामाचा? कोणती मापं लागतात हे ठरतं गावातल्या यंत्रांवरून, आणि ती यंत्रं वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या देशांची मापं घेऊन आलेली आहेत.

सगळ्यात जुना थर कापसाचा. रेल्वे १८६७ साली नागपूरला पोहोचली, एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली आणि वऱ्हाडात जिनिंग-प्रेसिंग उभे राहत गेले. यंत्रं इंग्लंडची. तिथे जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ साली आट्यांचं एक प्रमाण मांडलं होतं. आट्याचा कोन ५५ अंश, मापं इंचात. त्याचा कारखाना मँचेस्टरचा. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावर १९९४ पर्यंत धावलेलं ‘शकुंतला’ रेल्वेचं वाफेचं इंजिनही १९२१ साली मँचेस्टरलाच बनलेलं. पुढे विहिरींवर बसलेल्या लिस्टर जातीच्या डिझेल इंजिनांनी तेच आटे शेतापर्यंत आणले.

व्हिटवर्थच्या पान्यावर कोरलेलं माप बोल्टच्या दांड्याचं असतं, डोक्याचं नसतं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तीन सुती बोल्टचं डोकं दोन सपाट बाजूंमध्ये १८.०३ मिमी भरतं, दोन सुतीचं १३.३ मिमी. म्हणून दोन सुतीवर १३ची गोटी चढत नाही आणि १४ची मोकळी पडून घसरते. त्यात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पोलाद वाचवायला इंग्रजांनी ही डोकी एक माप लहान केली. त्यामुळे एकाच जाडीच्या जुन्या बोल्टांवर दोन मापांची डोकी सापडतात. जुन्या जिनमध्ये किंवा जुन्या इंजिनावर काम असेल तर बहुमापी ड्रायव्हर बाजूला ठेवावा आणि व्हिटवर्थचाच रिंग पाना वापरावा. दुसरा सोयीचा मार्ग नाही.

ट्रॅक्टर आले तेव्हा इंच राहिला, पण हिशेब बदलला. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी १९४८ साली ६० अंशांचे एकत्रित आटे मान्य केले होते. या पद्धतीत पान्यावरचं माप डोक्याचंच असतं. महिंद्राने १९६३ साली इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर भागीदारी करून आणलेला बी-२७५ आणि मॅसी फर्ग्युसनची जुनी मॉडेलं याच मापांची. मिलिमीटरच्या गोट्यांशी त्यांचा मेळ अर्धवट बसतो. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी, तिथे १९ची गोटी चालून जाते. पाच सुती म्हणजे १५.८८, तिथे १६ची चांगली बसते. अर्धा इंच म्हणजे १२.७, १३ची चढते, पण मोकळी, आणि जाम नटावर जोर दिला की कोपरे गोल करते. साडेचार सुती, म्हणजे १४.२९ मिमी, हे सगळ्यात वाईट: १४ची जात नाही आणि १५ची घसरते.

भारताने १९५६ साली मेट्रिक पद्धतीचा कायदा केला आणि १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. ट्रॅक्टरांत मिलिमीटर पक्का केला तो झेटरच्या सहकार्याने १९७१ पासून पिंजोरला बनलेल्या एचएमटीने आणि १९७४च्या स्वराजने. एम६च्या, म्हणजे ६ मिमी जाडीच्या बोल्टच्या, डोक्याला १०, एम८ला १३, एम१०ला १७, एम१२ला १९ ही जोडी त्या काळात मिस्त्र्यांच्या हातात बसली. मग आंतरराष्ट्रीय मानकाने एम१०चं डोकं १६ आणि एम१२चं १८ केलं. जुना जर्मन धर्तीचा माल मात्र बाजारातून गेला नाही. आज एकाच दुकानातून आणलेल्या एम१०च्या दोन पुड्यांत एकीत १६ची आणि दुसरीत १७ची डोकी निघू शकतात. सोलरच्या स्ट्रक्चरवर अर्धे नट एका गोटीने फिरतात आणि अर्ध्यांवर ती बसत नाही, त्याचं कारण हे आहे.

मोटारसायकलींनी चौथा थर आणला. हिरो होंडाची स्थापना १९८४ची, सीडी १०० आली १९८५ साली. जपानी पद्धतीत एम८ला १२चं डोकं, एम१०ला १४चं. एम६वर १०चं, आणि कॉलरवाल्या छोट्या बोल्टांवर ८चं. गॅरेजमधला ८-१०-१२चा वाय पाना या मापांवरच उभा आहे. मुठीऐवजी तीन हात असलेला तोही बहुमापी पानाच, आणि खेड्यातल्या कामासाठी आजही सगळ्यात भरवशाचा.

खुद्द या हत्याराची कल्पना जुनी आहे. रॅचेट आणि बदलत्या गोट्यांच्या पान्याचं पेटंट अमेरिकेत १८६३ साली निघालं. ती धंद्यात चालवली जोसेफ जॉन्सन आणि विल्यम सायडमन यांनी, मिलवॉकीत १९२० साली. पाच दांड्या आणि दहा गोट्या, आणि जाहिरात अशी की पाच हत्यारं पन्नासांचं काम करतील. तिथूनच स्नॅप-ऑन कंपनी झाली. गोटीच्या मागचा चौकोन तेव्हापासून इंचातच आहे: पाव इंच, तीन सूत, अर्धा इंच. गोटीचं तोंड मिलिमीटरचं असलं तरी पाठ इंचाची असते. ड्रिल मशीनमध्ये बसणारी षट्कोनी दांडीसुद्धा ६.३५ मिमी, म्हणजे पाव इंचच.

पत्र्याच्या कामातून आलेले अमेरिकी धाटणीचे ड्रायव्हर पाव इंच, अडीच सूत, तीन सूत आणि साडेतीन सूत या मापांचे असतात. यातलं अडीच सूत, म्हणजे ७.९४ मिमी, आपल्या ८च्या डोक्यावर घट्ट बसतं आणि कधी चढतच नाही. साडेतीन सूत इथे जवळपास निरुपयोगी. म्हणून खोक्यावरची मापं इंचात आहेत की मिमीत, हे आधी वाचावं. खेड्यात कामाची मापं पाच: होज क्लिपला ७, टिनाच्या शेडच्या सेल्फ ड्रिलिंग स्क्रूला आणि एम५ला ८, कूलरच्या मोटरीला व एम६ला १०, मोटारसायकलीला १२, सोलर क्लॅम्पच्या एम८ला १३. ही पाच असलेला ड्रायव्हर अकरा मापांच्या ड्रायव्हरपेक्षा जास्त कामाचा.

रचनेचे प्रकार मुख्यतः तीन. पहिला पालटी गोट्यांचा: एका तुकड्याच्या दोन टोकांना दोन मापं, तुकडा काढायचा, उलटा करून लावायचा. यात हलणारे भाग कमी, त्यामुळे टिकतो हाच. उणीव एवढीच की तुकडा उसाच्या सरीत किंवा कपाशीत पडला की सापडत नाही, आणि दोन मापं एकदम जातात. दुसरा एकात एक बसलेल्या, स्प्रिंगवर मागे सरकणाऱ्या गोट्यांचा. नटावर दाबला की लहान गोट्या आत जातात आणि योग्य ती राहते. पॅनेलच्या स्वच्छ कामात हा झटपट चालतो, पण काळ्या मातीचा चिखल आत गेला की वाळून स्प्रिंग धरून ठेवते. मग दहाची गोटी अर्धीच बाहेर येते, नटाच्या वरच्या कडेला पकडते आणि घसरते. बाहेरची भिंत जाड असल्याने अरुंद जागेत ती शिरतही नाही. तिसरा पिनांचा, ७ ते १९ असं लिहिलेला. त्यातल्या पोलादी पिना डोक्याच्या आकाराप्रमाणे मागे सरकतात. डोळ्याच्या हुकला किंवा विंगनटला तो उपयोगी, पण गंजलेल्या नटावर वापरू नये. पिना कडांवर रेटतात आणि कोपरे जातात.

कोणत्याही सरळ मुठीची एक मर्यादा आहे. हाताने पिळून साधारण ५ न्यूटन-मीटरच्या आसपास जोर मिळतो. चांगल्या प्रतीच्या एम६ बोल्टला १०, एम८ला २५च्या आसपास लागतो. म्हणजे सरळ ड्रायव्हरने १३चा नट फिरवत नेता येतो, कसता येत नाही. शेवटचा कस टी-पान्याने किंवा रॅचेटने द्यावा. पकड लावून मूठ फिरवली की आतली दांडी मुठीत सुटते, आणि ती पुन्हा बसत नाही. स्टेनलेसच्या नट-बोल्टांवर मशीनचा वेग उलट नुकसान करतो. स्टेनलेसवर स्टेनलेस तापून आटे एकमेकांत रुततात, आणि मग बोल्ट कापण्याशिवाय इलाज नसतो. आट्यांना अँटीसीझ पेस्ट लावून हातानेच कसावं.

टिनाच्या शेडवर वेगळी अडचण येते. ड्रायव्हरच्या तळाशी चुंबक असतं, स्क्रू पत्रा भेदताना उडालेला कीस त्याला चिकटत जातो. थर साचला की डोकं पूर्ण खोल बसत नाही, गोटी डुलते आणि डोक्याचे कोपरे झिजतात. वीस-पंचवीस स्क्रूंनंतर चिकटपट्टीचा तुकडा आत दाबून कीस ओढून काढावा. फुंकून तो निघत नाही आणि डोळ्यात जातो. रबरी चकती पत्र्याच्या कडेने जराशी दिसायला लागली की थांबावं. आणखी दाबली की ती फाटते आणि पहिल्याच पावसात गळती लागते. इम्पॅक्ट मशीनवर काळ्या, इम्पॅक्टसाठी बनवलेल्या गोट्याच लावाव्यात. क्रोमच्या गोट्या धक्क्याने तडकतात.

स्टार्टर आणि सोलर कंट्रोलरवर काम करणाऱ्यांनी प्लास्टिकच्या मुठीवर विसंबू नये. आतली दांडी पोकळ लोखंडाची असते, आणि लांब बोल्ट तिच्यातून मुठीत शिरतो. १००० व्होल्टची दुहेरी त्रिकोणाची खूण नसेल तर तो इन्सुलेटेड नाही. बहुमापी ड्रायव्हरवर ही खूण क्वचितच असते. डीपीवरून पुरवठा कापता येतो, पण ऊन आहे तोवर सोलर पॅनेलच्या वायरांत डीसी असतोच. आयसोलेटर बंद केल्यावरही पॅनेलकडची बाजू जिवंत राहते.

देखभाल सोपी आहे, फक्त ऋतूप्रमाणे बदलते. पावसाळ्यात रोज संध्याकाळी गोट्या काढून केरोसीनमध्ये ब्रशने धुवाव्यात, कापडाने पुसून पातळ मशीन ऑइलचा हात द्यावा. ग्रीस लावू नये, त्यात माती बसते. जिनिंगमध्ये तेलही नको: सरकीचे बारीक तंतू चिकटून स्प्रिंगवाल्या गोटीत बोळा होतो. तिथे ग्रॅफाइटची भुकटी बरी. युरियाच्या पोत्याजवळ हत्यारं ठेवली की क्रोमखाली गंज शिरतो आणि पापुद्रे सुटतात. पापुद्रा हात कापतो, त्यामुळे तशी गोटी ठेवू नये.

झीज तपासायला नवा बोल्ट घ्यावा. गोटी त्यावर बसवून डावी-उजवीकडे हलवावी आणि त्याच मापाच्या नव्या गोटीशी तुलना करावी. झीज आधी तोंडाशी होते, कारण घाईत अर्धी बसवलेली गोटी तिथेच जोर घेते. फक्त तोंडाची कडा गेली असेल आणि आतली भिंत शाबूत असेल तर ग्राइंडरवर अर्धा-एक मिमी सपाट घासता येते. बुटक्या डोक्याच्या कॉलरवाल्या बोल्टांवर अशी गोटी नव्यापेक्षाही चांगली पकडते. घासताना दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवावी. पोलाद निळं पडलं की त्याचं पाणी उतरलं, आणि ती गोटी पहिल्याच जाम नटावर फाकते. जुन्या गंजलेल्या नटांना सहा कोनीच गोटी लावावी. बारा कोनी चढते लवकर, पण पकडते फक्त कोपऱ्यांच्या टोकांशी.

एप्रिल-मेच्या उन्हात ड्रायव्हर टिनावर किंवा ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवू नये. मूठ मऊ पडून दांडी ढिली होते. बंद पेटीत पडून काही पारदर्शक मुठींवर पांढरी भुकटी जमते आणि आंबूस वास येतो. साबणाच्या कोमट पाण्याने घासून, कोरडी करून, हवेशीर जागी टांगली की ती पुन्हा वापरता येते.