पांगाऱ्याला पळस म्हणू नका

फेब्रुवारी सरत आला की बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पानं झडलेल्या झाडांवर लाल-केशरी फुलं पेटतात, आणि त्याच दिवसापासून पांगाऱ्याचे फोटो ‘पळस फुलला’ म्हणून फिरू लागतात. दर वर्षी हेच होतं. एका बागेत तर पांगाऱ्याच्या खोडावर ‘पळस’ अशी पाटी खिळ्याने ठोकलेली पाहिली. नाव चुकलेलं, वर झाडाला जखम.

पळस तुम्हाला माहीत आहे. पत्रावळी, होळीचा रंग, लाखेचे किडे आणि ती म्हण. घोटाळा त्या म्हणीतूनच सुरू होतो. पळसाला पानं तीनच असतात हे खरं, पण पांगाऱ्यालाही तीनच असतात! दोघं एकाच, शेंगांच्या कुळातले. पळसाचं पान जाड, चामड्यासारखं आणि टोकाला बोथट. पांगाऱ्याचं पातळ आणि टोकदार. पण ऐन बहरात दोन्ही झाडं बहुधा निष्पर्ण असतात, त्यामुळे पानांवर विसंबून काहीच हाती लागत नाही.

रंगावर तर मुळीच जाऊ नका. पळस केशरी आणि पांगारा लालभडक हे ढोबळमानाने बरोबर आहे. पण उन्हाकडे तोंड करून पाहिलं तर दोन्ही सारखेच लाल दिसतात. शिवाय पिवळा पळस असतो, पांढरा पांगाराही असतो.

मग बघायचं काय? पुंकेसर, म्हणजे फुलातले पराग धरणारे तंतू. झाडाखाली पडलेलं एक फूल उचला. फांदी मोडायची गरज नाही. पोपट आणि खारी भरपूर फुलं खाली टाकतात. पळसाच्या फुलात एक पाकळी मागे वळलेली असते आणि तिच्यासमोर तेवढीच ठसठशीत, बाकदार चोच. संस्कृतात त्याला किंशुक म्हणतात, म्हणजे ‘हा पोपट तर नव्हे?’, ते या चोचीमुळेच. दहाही पुंकेसर या चोचीच्या आत झाकलेले असतात. चोच उघडल्याशिवाय दिसत नाहीत. पाकळ्यांना बाहेरून रेशमी लव असते आणि देठाजवळची वाटी काळपट, मखमली. म्हणून कळ्यांनी लगडलेली पळसाची फांदी दुरून काळी दिसते.

पांगाऱ्याच्या फुलाला ही चोचच नाही. एक मोठी लाल पाकळी, बाकीच्या चार इतक्या लहान की चटकन नजरेत भरत नाहीत, आणि लाल पुंकेसरांचा जुडगा सरळ बाहेर आलेला. देठाजवळची वाटी एका बाजूने उभी चिरलेली. पुंकेसर झाकलेले तर पळस, बाहेर आलेले तर पांगारा. मी या एकाच खुणेवर भरवसा ठेवते, कारण ती उन्हात, सावलीत, पिवळ्या-पांढऱ्या फुलांतही बदलत नाही.

काटे दिसले तर तो पळस नाही, एवढं नक्की. पण काटे म्हणजे पांगाराच, असंही नाही. काटेसावरीलाही काटे असतात. तिचं फूल पाच जाड पाकळ्यांचं, त्यामुळे तिथे गोंधळ होऊ नये. आणि गुलमोहर या चर्चेत नकोच. तो मादागास्करचा, फुलतोही नंतर, कडक उन्हाळ्यात.

पक्ष्यांवरून झाड ओळखणारेही भेटतात. पळसमैना बसली म्हणजे पळसच, असं ते ठामपणे सांगतात. पळसमैना, म्हणजे भोरड्या, मधासाठी येतात. पळस, पांगारा, सावर, त्यांना सगळं चालतं. बुलबुल, कोतवाल, साळुंक्या, शिंजीर यांचंही तेच. सकाळी सात वाजता फुललेल्या पांगाऱ्याखाली तासभर थांबा. वसंत बघायला माझ्या मते याहून चांगली जागा नाही, पळसाखालीसुद्धा नाही. पुंकेसर बाहेर असल्यामुळे मधासाठी वाकलेल्या पक्ष्याच्या कपाळाला आणि गळ्याला पराग लागतो, आणि तसाच तो पुढच्या झाडावर जातो.

बहर ओसरल्यावर पोचलात तरी हरकत नाही. पळसाची शेंग चपटी, बी एकच आणि तेही टोकाला. पांगाऱ्याची शेंग लांब, मण्यांच्या माळेसारखी फुगीर, आणि आत बऱ्याच बिया.